वकील कच्चा नव्हता, कागद कोरा होता

जुन्नर असो की मंचर, आरक्षणाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत कोणीतरी चाचा एकच निदान करतात : "आपला वकील कच्चा पडला." मग दुसरे कोणी म्हणते, सरकारी वकील आपल्यातला असता तर वेगळे झाले असते. तिसरा म्हणतो, वर्गणी काढू आणि मुंबईचा मोठा वकील धरू. हे मी गेली दहा वर्षे ऐकतो आहे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनच सांगतो, हे निदान चुकीचे आहे. शिक्षणातले ५ टक्के आरक्षण कोणत्याही वकिलाने घालवलेले नाही. ते कोर्टात गेलेच नाही.

मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. नोकरी पुण्यात, घर आंबेगाव तालुक्यात. पण राज्यघटना मराठीतही छापलेली आहे आणि ती वाचायला वकिलीची सनद लागत नाही.

तिच्यात सरकारच्या वकिलांबद्दल दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ७६ प्रमाणे राष्ट्रपती भारताचा महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल नेमतात. तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याच्या योग्यतेचा असावा लागतो. कलम १६५ प्रमाणे राज्यपाल राज्याचा महाधिवक्ता, म्हणजे ॲडव्होकेट जनरल नेमतात. त्याची योग्यता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची : भारताचा नागरिक आणि उच्च न्यायालयात किमान १० वर्षे वकिली, किंवा तितकीच वर्षे न्यायिक पदावर काम. वर्तमानपत्रात ज्यांचे नाव सर्वांत जास्त येते ते सॉलिसिटर जनरल घटनेत कुठेच नाहीत, ते पद सरकारच्या नियमांतून आलेले आहे. खाली सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाला कायद्याने किमान ७ वर्षांची वकिली लागते. म्हणजे वरपासून खालपर्यंत योग्यता मोजूनमापून लिहिलेली आहे, आणि या पदांवर सहसा कच्चा माणूस बसत नाही.

पण त्याच कलम १६५ मध्ये पुढे काय आहे ते आपण वाचत नाही. महाधिवक्त्याने सल्ला द्यायचा तो त्याच्याकडे सोपवलेल्या बाबींवर. जी बाब सोपवलीच नाही तिच्यावर त्याने स्वतःहून उठून बोलावे असे घटना म्हणत नाही. आणि तो पदावर राहतो राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची मर्जी असेपर्यंत. त्याला ठरलेली मुदतही नाही. माझ्या धंद्यातली माणसे हे लगेच ओळखतील. ग्राहकाने जे काम लिहून दिलेले नाही ते कितीही हुशार प्रोग्रामर बांधून देत नाही, आणि नंतर "तुमचा प्रोग्रामर कच्चा होता" म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही त्याचा कागद दाखवतो.

सरकारने कागद मनापासून लिहिला तर काय होते, हे आपल्या भागाला शिकवायला नको. बैलगाडा शर्यत पाहा.

जुलै २०११ मध्ये केंद्राने एक अधिसूचना काढून बैलाचा समावेश प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांमध्ये केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. जुन्नर, आंबेगाव, खेडमधले घाट ओस पडले. थापलिंगच्या यात्रेला जाणाऱ्या कोणालाही विचारा, बारीशिवायची यात्रा म्हणजे काय ते सांगेल. गाडामालकांत सगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत, आपलेही आहेत. ज्यांनी दावणीला खिल्लार खोंड बांधले होते त्यांनी वैरण-पेंड चालू ठेवली आणि वाट पाहिली.

सरकारने मात्र वाट पाहिली नाही. २०१७ मध्ये विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळवली. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. सरकार थांबले नाही, सर्वोच्च न्यायालयात गेले. बैलाची शरीररचना धावण्याची नाही हा आक्षेप होता, तर बैल धावू शकतो की नाही यावर तज्ज्ञांचा अहवाल तयार करून घेतला. मध्येच सरकार बदलले, तरी बाजू बदलली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यासाठी माजी ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी उभे राहिले आणि १६ तारखेला अटींसह परवानगी मिळाली. पुढे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनीही या कायद्यांच्या बाजूने युक्तिवाद केला. १८ मे २०२३ रोजी तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरले. श्रेय कोणाचे यावर शिवाजीराव आढळराव आणि अमोल कोल्हे यांच्यात जी जुंपली ती आपण सर्वांनी पाहिली. भांडण श्रेयाचे होते. विरोधात कोणीच नव्हते.

मला या शर्यतींबद्दल तक्रार नाही. शेतकऱ्याने आपल्या हौसेसाठी सरकारला कामाला लावले, ही चांगली गोष्ट आहे. नऊ वर्षांत एक कायदा, एक अहवाल, दोन न्यायालये आणि देशातले सर्वांत महागडे वकील. सरकारचे मन असले की विधी व न्याय विभाग एवढे काम करू शकतो, इतकेच मला त्यातून घ्यायचे आहे.

आता ५ टक्क्यांकडे येऊ. ९ जुलै २०१४ रोजी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. विधानसभेचे मतदान १५ ऑक्टोबरला होते. निवडणूक तोंडावर असताना विधेयकाऐवजी अध्यादेश का, हा प्रश्न तेव्हा आपण विचारला नाही, मिठाई वाटली. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या ५ टक्क्यांना स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षण संस्थांमधल्या प्रवेशाचे ५ टक्के चालू ठेवले. थांबून हे पुन्हा वाचा. दोन्ही समाजांच्या आरक्षणांपैकी, पुढच्या प्रवेशांसाठी, कोर्टाच्या पहिल्या चाळणीतून जे खाली उतरले ते आपल्या मुलांचे शिक्षण होते. वकील कच्चा असता तर हे घडले असते का?

मग ते गेले कसे? कलम २१३ असे सांगते की विधिमंडळ भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर अध्यादेश आपोआप संपतो. डिसेंबर २०१४ च्या नागपूर अधिवेशनात नव्या सरकारने मराठा आरक्षणाचे विधेयक मंजूर करून घेतले. मुस्लिमांचे विधेयक मांडलेच नाही. डिसेंबर संपायच्या आत अध्यादेश संपला, आणि २ मार्च २०१५ ला शासन निर्णयाने उरलेल्या कागदांवरही फुली मारली गेली. ना सुनावणी, ना युक्तिवाद, ना निकाल. न्यायालयाने ज्याला हात लावला नव्हता ते कॅलेंडरने मारले. माझ्या मामेभावाने त्या वर्षी दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा शोधून काढला होता. तो उतारा अजून आमच्या कपाटात आहे.

सरकारचे उत्तर होते, धर्माच्या आधारावर आरक्षण घटनेत बसत नाही. वाक्य बरोबर आहे, पण इथे लागू पडत नाही. अध्यादेश सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपणावर काढलेला होता आणि उच्च न्यायालयाने निदान प्रथमदर्शनी तरी शिक्षणापुरते ते मानले होते. महाधिवक्त्यांचे मत याहून वेगळे असेल तर ते मत सरकारने सभागृहात ठेवायला हवे होते. बैल धावतो की नाही हे सिद्ध करायला अहवाल नव्याने करून घ्यावा लागला. मुसलमान मागास आहे की नाही यावर सच्चर समितीचा २००६ चा, रंगनाथ मिश्रा आयोगाचा २००७ चा आणि महाराष्ट्राने स्वतःच नेमलेल्या मेहमूदूर रहमान समितीचा २०१३ चा, असे तीन अहवाल सरकारच्या कपाटात आधीच तयार होते.

आणि हे एकाच पक्षाचे पाप नाही. महाविकास आघाडीचे सरकार असताना २८ फेब्रुवारी २०२० रोजी अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत ५ टक्क्यांचा कायदा आणू असे जाहीर केले. काही दिवसांतच मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, असा प्रस्ताव आपल्यापुढे आलेला नाही. जून २०२२ मध्ये ते सरकार गेले. प्रस्ताव आलाच नाही. ज्यांना आपण मत दिले त्यांनीही महाधिवक्त्याच्या टेबलावर आपला कागद ठेवला नाही.

मराठा समाजाच्या मागणीशी माझे भांडण नाही. मंचरच्या बाजारपेठेत आमची दुकाने भिंतीला भिंत लावून आहेत. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. २०१४ चे विधेयक अडकले तर २०१८ चा कायदा आला. तो उच्च न्यायालयात टिकला. सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सांगितले की १०२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार गेलेला नाही. ५ मे २०२१ च्या निकालात बहुमताने हे म्हणणे फेटाळले गेले आणि कायदाही रद्द झाला. त्यानंतर संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा तो अधिकार परत दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने पुन्हा १० टक्क्यांचा नवा कायदा केला. देशाचा सर्वोच्च विधी अधिकारी मुद्दा हरला तर राज्यघटनेतले वाक्य बदलण्यापर्यंत सरकार गेले. याला म्हणतात पाठपुरावा.

आता "सरकारी वकील आपल्यातला असता तर" या मुद्द्याकडे. तो होता. गुलाम वहानवटी मुंबईचे. १९९९ ते २००४ महाराष्ट्राचे महाधिवक्ता, मग सॉलिसिटर जनरल, आणि २००९ ते २०१४ भारताचे ॲटर्नी जनरल. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. त्यांच्याच काळात, २२ डिसेंबर २०११ रोजी केंद्राने ओबीसींच्या २७ टक्क्यांतून मागास अल्पसंख्याकांसाठी ४.५ टक्के वेगळे काढले. तेही उत्तर प्रदेशच्या निवडणुकीच्या तोंडावर, हे जाता जाता. २८ मे २०१२ ला आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते रद्द केले. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेले, वहानवटी उभे राहिले, आणि न्यायालयाने विचारले की याला आधार देणारी कागदपत्रे कुठे आहेत. एवढा नाजूक विषय सरकारने ज्या ढिलाईने हाताळला त्यावर न्यायमूर्तींनी नाराजी बोलून दाखवली आणि स्थगिती नाकारली. ॲटर्नी जनरल मुसलमान, मुंबईचा, निष्णात. फाइलमध्ये मात्र कागद नाही. त्यांच्या जागी कोणीही असता तरी दुसरे काय झाले असते?

म्हणून माणसाचे नाव वाचून खूश किंवा नाराज होणे आपण सोडले पाहिजे. पण दोष फक्त फाइलचा, वकील निर्दोष, असेही मी म्हणणार नाही. या पदांवरच्या माणसाला 'नाही' म्हणता येते. मोतीलाल सेटलवाड पुढे देशाचे पहिले ॲटर्नी जनरल झाले, पण त्याआधी मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल असताना १९४२ च्या दडपशाहीच्या वेळी त्यांनी ते पद सोडले. फली नरिमन यांनी जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच ॲडिशनल सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा दिला. आपल्या काळातले, आपल्या राज्याचे उदाहरण रोहिणी सालियन यांचे. मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्यात त्या एनआयएच्या विशेष सरकारी वकील होत्या. जून २०१५ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की केंद्रात सत्ता बदलल्यानंतर एनआयएच्या एका अधिकाऱ्याने येऊन या आरोपींबाबत नरमाईने घ्या असा निरोप दिला. एनआयएने ते नाकारले. खरेखोटे कधी नीट तपासले गेले नाही. पण इतकी वर्षे फौजदारी वकिली केलेल्या एका बाईने स्वतःच्या नावानिशी हे सांगितले आणि त्या खटल्यातून बाहेर झाल्या, एवढे आपल्यासमोर आहे.

३१ जुलै २०२५ ला त्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जुलैला, २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले होते. त्या निकालाविरुद्ध दुसऱ्याच दिवशी सॉलिसिटर जनरल राज्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात हजर होते आणि २४ जुलैला त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देता येणार नाही असा आदेशही मिळाला. मालेगावच्या निकालाविरुद्ध सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात कोण गेले? मृतांचे कुटुंबीय. एक खटला राज्याचा आणि दुसरा एनआयएचा, हा फरक मला माहीत आहे. लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळावा म्हणून सरकार धावले याचे मला वाईटही वाटत नाही. मला फक्त ती घाई मालेगावच्या सहा घरांसाठीही पाहायची होती.

आणि काही वेळा तर गप्प बसणे हीच सूचना असते. १९९१ च्या प्रार्थनास्थळांच्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये केंद्राला नोटीस काढली. संसदेने केलेल्या कायद्याचा बचाव करायचा की नाही, एवढेच प्रतिज्ञापत्रात सांगायचे होते. मुदतीमागून मुदत मागितली गेली. १२ डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने नवे दावे नोंदवून घेण्यास मनाई केली तेव्हाही ते प्रतिज्ञापत्र आलेले नव्हते. जुन्नरसारख्या, जिथे निजामशाहीच्या काळापासूनच्या मशिदी आणि घुमट उभे आहेत, त्या गावाला या गप्प बसण्याचा अर्थ लवकर कळायला हवा.

तर करायचे काय? माहितीचा अधिकार इथे फार दूर नेत नाही. ॲटर्नी जनरलचे कार्यालय या कायद्याखाली येते असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१५ मध्ये म्हटले होते, पण २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते फिरवले. महाधिवक्त्याच्या हाताखालचे विधी अधिकारी गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने निवडावेत असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले. ते चांगलेच आहे, पण मी वर म्हटल्याप्रमाणे आपली अडचण गुणवत्तेची नाही.

आपला रस्ता कलम १७७ मधून जातो. त्या कलमाने महाधिवक्त्याला विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलण्याचा, कामकाजात भाग घेण्याचा हक्क दिला आहे. मत देता येत नाही, बोलता येते. घटनाकारांनी हे उगाच लिहिलेले नाही. मंत्री जेव्हा "कायदेशीर अडचण आहे" म्हणतो तेव्हा ती अडचण काय, हे सांगायला घटनेने एक माणूस सभागृहात येऊ शकेल अशी सोय करून ठेवली आहे. महाधिवक्त्यांवरून आपले विधिमंडळ पेटलेले मला आठवते ते मार्च २०१६ मध्ये. श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भानंतर वेगळ्या मराठवाड्याबद्दलही भाषण केले आणि त्या गोंधळात त्यांना राजीनामा द्यावा लागला. भाषणावरून सभागृह बंद पडू शकते, तर सल्ल्यावरून एक प्रश्न तरी विचारता येईल. आंबेगावने तर विधानसभेला पाच वर्षे अध्यक्ष दिला आहे. २००९ ते २०१४ दिलीप वळसे पाटील त्या खुर्चीवर होते. सभागृहाचे नियम आमच्या तालुक्याला परके नाहीत.

वर्गणी काढून वकील धरण्याआधी मी सुचवतो ते काम बिनपैशाचे आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या जमातींनी, मदरशांनी, शिक्षक आणि पालकांनी सह्या करून आपापल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाआधी एकच पत्र द्यावे. बिरादरीबाहेरचे शेजारी सही करणार असतील तर त्यांचीही घ्यावी, आणि मंचरमध्ये ते करतील अशी माझी खात्री आहे. पत्रात तारांकित प्रश्नासाठी एवढाच मजकूर पुरे :

"१४ नोव्हेंबर २०१४ च्या आदेशानंतर शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाबाबत शासनाने महाधिवक्त्यांचे लेखी मत मागवले होते काय? मागवले असल्यास कोणत्या तारखेस, आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय? मागवले नसल्यास, का नाही?"